मिलिमीटरचे इंच करताना: सुतारकामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आराखडा मिलिमीटरमध्ये, आणि हातातली टेप, ड्रिलची बिटं, राऊटरची (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राची) पाती इंचात. या पेचात सापडलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. ‘१७ १३/६४’ असं लिहिलं असेल तिथे सतरा पूर्णांक तेरा चौसष्टांश असं वाचा. मिलिमीटरसाठी सगळीकडे मिमी लिहिलं आहे.

१. एक इंच म्हणजे नेमके किती मिमी? कुणी २५ सांगतं, कुणी २५.४.

२५.४, आणि तेही अगदी बरोबर २५.४. पुढे दशांशांची शेपटी नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांनी एकत्र येऊन ही व्याख्या पक्की केली. त्याआधी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच यांत किंचित फरक होता. तो लाकडात कधीच जाणवला नसता, पण अचूक यंत्रभाग बनवणाऱ्यांना तो नको होता. त्यामुळे फूट म्हणजे ३०४.८ मिमी, यार्ड म्हणजे ९१४.४ मिमी.

२५ धरून चालत नाही. दर इंचाला ०.४ मिमी सुटतो, म्हणजे फुटाला जवळजवळ ५ मिमी. एका फुटाच्या फळीत एवढा फरक पडला तर फळी कप्प्यात बसणारच नाही.

२. कॅल्क्युलेटरवर १७.२०४७ असं उत्तर येतं. हे टेपवर शोधायचं कुठे?

टेपवर दशांश नसतात, इंचाचे सोळावे, बत्तिसावे किंवा चौसष्टावे भाग असतात. म्हणून एक पायरी जास्त करावी लागते. ४३७ मिमी घेऊन करून बघू.

४३७ ला २५.४ ने भागा: १७.२०४७. पूर्ण इंच १७, ते बाजूला ठेवा. उरलेल्या ०.२०४७ ला टेपवर जितके भाग आहेत तितक्याने गुणा. सोळा भागांची टेप असेल तर ३.२८ येतं, जवळचा पूर्ण आकडा ३, म्हणजे १७ ३/१६ इंच. बत्तीस भागांची असेल तर ६.५५ येतं, म्हणजे ७/३२. चौसष्ट भागांची स्टीलची पट्टी असेल तर १३.१, म्हणजे १३/६४.

आता हीच उत्तरं उलटी फिरवून पाहा, कारण खरी गोष्ट तिथे कळते. १७ ३/१६ म्हणजे ४३६.५६ मिमी, ०.४४ ने कमी. १७ ७/३२ म्हणजे ४३७.३६, ०.३६ ने जास्त. १७ १३/६४ म्हणजे ४३६.९६, फरक फक्त ०.०४. माप एकच, पण पहिल्या दोन उत्तरांत वस्तू एकदा सैल होईल आणि एकदा अडकेल. उत्तर उलटं फिरवून पाहायची सवय लावून घ्या. दहा सेकंद लागतात आणि फळी वाचते. किती बारीक जायचं ते प्रश्न ५ मध्ये, वर की खाली ते प्रश्न ६ मध्ये.

३. कामावर उभ्या उभ्या, कॅल्क्युलेटरशिवाय तोंडी कसं करायचं?

१२७ हा आकडा पाठ करा. १२७ मिमी म्हणजे बरोबर ५ इंच. पूर्ण इंच आणि पूर्ण मिमी पहिल्यांदा एकमेकांवर पडतात ते इथेच, आणि मग दर पाच इंचांनी पुन्हा भेटतात: २५४ ला १० इंच, ३८१ ला १५, ५०८ ला २०, ६३५ ला २५, ७६२ ला ३०. हे मैलाचे दगड समजा. कुठलंही माप आलं की त्याच्या अलीकडचा दगड गाठायचा आणि उरलेल्या थोड्याशा मिमींचाच हिशोब करायचा.

वरचंच ४३७ घ्या. ३८१ वजा केले, १५ इंच झाले, उरले ५६. त्यातून ५०.८ म्हणजे आणखी दोन इंच काढले, उरले ५.२ मिमी. आता ५.२ मिमी म्हणजे किती? मिमीला अडीचने गुणलं की चौसष्टांश येतात: ५.२ गुणिले अडीच म्हणजे १३. झालं, १७ १३/६४.

बत्तिसांश हवे असतील तर मिमीची सव्वापट करा. ८ मिमी म्हणजे १०/३२, म्हणजेच ५/१६. या सव्वापट-अडीचपटीच्या हिशोबात शंभराला पाऊण टक्क्याहून थोडी जास्त तूट येते, म्हणून तो इंचाच्या आतल्या उरलेल्या तुकड्यासाठीच वापरा. ६०० मिमीला सव्वापट करून बसलात तर सहा रेघा अलीकडेच थांबाल.

४. सुतार ‘सूत’ म्हणतात ते मिमीमध्ये किती?

इंचाचे आठ सूत, म्हणून एक सूत ३.१७५ मिमी. अर्धा सूत म्हणजे १/१६ इंच, १.५९ मिमी. दोन सूत पाव इंच, चार सूत अर्धा इंच, सहा सूत पाऊण इंच. तोंडी बोलण्यात एक सूत म्हणजे ३ मिमी असं सर्रास धरतात आणि एक-दोन सुतांपर्यंत त्यानं बिघडत नाही. सहा सुतांवर मात्र १ मिमी सुटतो. तो कुठे आडवा येतो ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. १/१६ पुरे, की १/६४ पर्यंत जायला हवं?

काय बनवताय आणि त्या मापाला पुढे काय भेटणार आहे, त्यावर ठरतं. टेबलाची उंची, बाकाची लांबी, भिंतीपासून मोकळं उभं राहणारं काहीही असेल तर १/१६ भरपूर आहे. जास्तीत जास्त चूक पाऊण मिमीच्या आसपास राहते आणि ती कुणाला दिसत नाही. कपाटाच्या कप्प्यात बसणाऱ्या फळ्या, ड्रॉवर, दारं यांना १/३२. एकात एक बसणारे जोड, खाचा, ओळीने पाडलेली भोकं यांना १/६४.

त्याहून बारीक जाऊ नका. साध्या पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते, म्हणजे १/६४ पेक्षा रुंद. रेघ सोडून कापलं की रेघेवर कापलं, एवढ्यात तुमचा सगळा बारीक हिशोब वाहून जातो. बारीक माप पाळायचंच असेल तर आखणी सुरीनं करा.

आणि लाकूड स्वतः स्थिर नसतं. तंतूंच्या दिशेला, म्हणजे लांबीत, ते जवळजवळ हलत नाही. आडव्या दिशेला हवेतल्या ओलाव्यानुसार फुगतं आणि आकसतं. ३०० मिमी रुंदीच्या फळीत एक टक्का फरक पडला तरी तो ३ मिमी झाला, जवळजवळ सूतभर. म्हणून रुंद फळीची रुंदी चौसष्टांशात मोजण्यात अर्थ नाही, त्याच फळीतल्या खाचेची रुंदी मोजण्यात आहे.

६. आकडा दोन रेघांच्या मध्ये पडला तर वर घ्यायचा की खाली?

‘जवळचा घ्या’ हे शाळेतल्या गणिताचं उत्तर झालं. बाकावर उत्तर वेगळं आहे: चूक झालीच तर ती दुरुस्त करता येईल अशा बाजूला होऊ द्या.

जी वस्तू दुसऱ्या वस्तूच्या आत जायची आहे आणि जिला मोकळेपणा लागतो, उदाहरणार्थ ड्रॉवर किंवा सरकती फळी, तिचं माप खाली घ्या. जिच्या आत ती जाणार त्या चौकटीचं माप वर घ्या. मात्र कुसू (जोडासाठी फळीच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि त्याचं भोक यांचं उलटं आहे. तिथे सैलपणा म्हणजे जोड कमकुवत. कुसू जाडीला वरच्या आकड्यावर ठेवा आणि रंध्याचा एकेक पातळ काप काढत भोकात बसवत जा. लाकूड काढता येतं, लावता येत नाही.

७. १८ मिमी प्लाय म्हणजे पाऊण इंचच ना?

नाही. सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती याच समजुतीने, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. १८ मिमी म्हणजे ०.७०८७ इंच. फरक १.०५ मिमीचा. पाऊण इंचाच्या राऊटर पात्यानं खाच पाडली आणि तिच्यात १८ मिमीची फळी घातली तर ती खाचेत डुलते. डिंकानं ती फट भरून निघेल असं वाटतं, पण डिंक पातळ थरातच धरतो. एक मिमीच्या फटीत तो नुसता वाळून राहतो, जोड धरत नाही.

दुसरा फटका हिशोबात बसतो. कपाटाची बाहेरची रुंदी ६०० मिमी, दोन्ही बाजू १८ मिमीच्या. आतली रुंदी ५६४. तुम्ही बाजू पाऊण-पाऊण इंच धरल्यात तर उत्तर ५६१.९ येतं. मधल्या फळ्या २.१ मिमी आखूड कापल्या जातात आणि जोडताना दोन्ही टोकांना फट दिसते.

नेहमी लागणाऱ्या जाड्या आणि चौसष्टांशातले जवळचे आकडे असे:

| मिमी | दशांश इंच | जवळचा अपूर्णांक | फरक (मिमी) |
|---|---|---|---|
| ३ | ०.११८ | १/८ | ०.१८ जास्त |
| ६ | ०.२३६ | १५/६४ | ०.०५ कमी |
| ९ | ०.३५४ | २३/६४ | ०.१३ जास्त |
| १२ | ०.४७२ | १५/३२ | ०.०९ कमी |
| १६ | ०.६३० | ५/८ | ०.१३ कमी |
| १८ | ०.७०९ | ४५/६४ | ०.१४ कमी |
| १९ | ०.७४८ | ३/४ | ०.०५ जास्त |
| २५ | ०.९८४ | ६३/६४ | नाही |

हा तक्ता कागदावरच्या हिशोबासाठी आहे. खाच पाडताना तक्त्यावरही विसंबू नका. शिक्क्यावर १८ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष जाडी थोडी कमी-जास्त असते, वर लॅमिनेट चढलं की आणखी बदलते. त्याच प्लायचा तुकडा घ्या, व्हर्निअर कॅलिपरमध्ये धरा, आणि खाच लहान पात्यानं दोन वेळा फिरवून त्या तुकड्याच्या मापाची करा.

८. प्रत्येक माप नीट बदललं, तरी शेवटी सगळं मिळून जुळत नाही. असं का?

कारण प्रत्येक वेळी गोल केलेली चूक मागच्या चुकीवर जाऊन बसते. हे मी स्वतः भोगलं आहे. पुस्तकांच्या कपाटाच्या बाजूंना फळ्या वरखाली करण्यासाठी भोकांच्या दोन-दोन ओळी पाडायच्या होत्या. दोन भोकांमधलं अंतर ३२ मिमी, कपाटांत हे अंतर सगळीकडे चालतं. एक बाजू मिमीच्या साच्यावर पाडून झाली. दुसऱ्या दिवशी साचा हाताशी नव्हता, म्हणून दुसरी बाजू टेपनं आखली आणि ३२ मिमीचा केला सव्वा इंच. सव्वा इंच म्हणजे ३१.७५. पाव मिमीनं काय होतं, असा विचार केला.

एका भोकाला काहीच झालं नाही. पण ओळीत पंधरा भोकं होती, म्हणजे चौदा अंतरं, आणि चौदा वेळा पाव मिमी म्हणजे साडेतीन मिमी. खालची फळी सपाट बसली. सगळ्यात वरच्या फळीवर लेव्हल ठेवली तेव्हा बुडबुडा रेघेला जाऊन चिकटला. त्या बाजूच्या दोन्ही ओळींतली तीस भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली, घासली आणि पुन्हा पाडली. ते बुजवलेले गोल पॉलिशखाली अजून दिसतात.

उपाय सोपा आहे. अंतर बदलू नका, जागा बदला. पहिल्या भोकापासून प्रत्येक भोक किती मिमीवर आहे ते आधी मिमीमध्येच लिहा (३२, ६४, ९६ असं ४४८ पर्यंत) आणि मग त्या प्रत्येक आकड्याचे स्वतंत्र इंच करा. शेवटचं ४४८ म्हणजे १७ ४१/६४. असं केलंत तर कुठलंही भोक ०.२ मिमीपेक्षा जास्त हलत नाही, कारण चूक साठतच नाही. हीच गोष्ट फळ्या, गजांची जाळी, खिडकीच्या पट्ट्या, पायऱ्या, सगळ्यांना लागू आहे. बेरजा-वजाबाक्या मूळ एककात उरका आणि शेवटचं उत्तर तेवढं एकदाच बदला.

९. ड्रॉवरची रुंदी काढताना चॅनलसाठी किती सोडायचं? कुणी १२ सांगतं, कुणी १३.

बाजूला बसणाऱ्या नेहमीच्या बेअरिंगच्या चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो, म्हणजे १२.७ मिमी. दोन्ही मिळून बरोबर एक इंच. १२ आणि १३ ही दोन्ही त्याचीच गोल केलेली रूपं आहेत.

प्रश्न ७ मधलं कपाट घ्या: आतली रुंदी ५६४ मिमी. २५.४ वजा केले की ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५३८.६, म्हणजे २१.२०५ इंच. इथे प्रश्न ६ चा नियम लावा, खाली या: २१ ३/१६, म्हणजे ५३८.१६ मिमी. अर्धा मिमी मोकळं राहिलं तर चॅनल ते सांभाळून घेतं, गरज पडली तर मागे कागदाची पट्टी घालता येते. अर्धा मिमी घट्ट झालं तर ड्रॉवर शेवटच्या बोटभर अंतरात अडतो आणि ढकलावा लागतो. वेगळ्या प्रकारच्या चॅनलला जागा वेगळी लागते, तेव्हा सोबतचा कागद वाचूनच वजाबाकी करा.

१०. कॅल्क्युलेटरनं ५.५१ फूट दाखवलं. म्हणजे पाच फूट पाच इंच ना?

नाही, पाच फूट सहा इंचांहून थोडं जास्त. फुटाचे इंच बारा, दहा नाहीत. समजा माप १६८० मिमी होतं. ३०४.८ ने भागलं की ५.५११८ फूट. पूर्ण फूट ५ बाजूला ठेवून ०.५११८ ला १२ ने गुणा: ६.१४ इंच. म्हणजे ५ फूट ६ १/८ इंच. पाच फूट पाच इंच कापलंत तर फळी २९ मिमी आखूड. या घोटाळ्यातून सुटायचं तर फुटांत जाऊच नका, सगळं इंचांतच ठेवा: ६६ १/८ इंच.

११. ८ मिमीच्या भोकाला ५/१६ चं बिट चालेल का? ३५ मिमीच्या बिजागरीला १ ३/८?

या दोन्ही जोड्या नशिबानं जवळच्या आहेत. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, ८ मिमीची खुंटी त्यात जरा घट्ट पण बसते. १ ३/८ म्हणजे ३४.९३, कपाटाच्या बिजागरीची वाटी त्यात दाबून बसते.

बाकीच्या जोड्या तशा नाहीत. १० मिमीच्या खुंटीला ३/८ चं भोक ९.५३ मिमीचं पडतं, खुंटी ठोकलीत तर लाकूड उकलेल. ६ मिमीच्या खुंटीला पाव इंचाचं भोक ६.३५ चं, खुंटी हलते. फळीच्या ५ मिमीच्या पिनेला ३/१६ लहान पडतं आणि १३/६४ थोडं मोठं. पिनेसाठी १३/६४ चालवून घेता येईल. बिट बदलण्यापेक्षा खुंटी बदलणं बहुतेक वेळा सोपं: भोकं इंचात पाडणार असाल तर खुंट्याही इंचातल्याच घ्या.

१२. मग राऊटरमध्ये ६ मिमी दांड्याचं पातं पाव इंचाच्या कॉलेटमध्ये आवळून चालेल का?

मुळीच नाही. इथे प्रश्न मापाचा नाही, हातापायाचा आहे. कॉलेट म्हणजे राऊटरमध्ये पात्याचा दांडा आवळून धरणारा भाग, आणि पाव इंचाचं कॉलेट ६.३५ मिमीचं. ६ मिमीचा दांडा त्यात आवळल्यासारखा वाटतो, पण कॉलेट त्याला सगळीकडून धरत नाही, आणि मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेताना पातं सरकतं किंवा सुटून उडतं. १२ मिमीचा दांडा अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये घालणं तितकंच धोक्याचं, तिथे तर फरक ०.७ मिमीचा आहे. ज्या मापाचा दांडा त्याच मापाचं कॉलेट, याला अपवाद नाही.

१३. परदेशी आराखड्यात २×४ लिहिलंय. ५० × १०० मिमी घेऊ का?

अमेरिका-कॅनडाच्या आराखड्यातलं २×४ हे नाव आहे, माप नाही. रंधून तयार झालेली ती दांडी प्रत्यक्षात दीड इंच × साडेतीन इंच असते, म्हणजे ३८ × ८९ मिमी. तसंच १×६ म्हणजे १९ × १४० मिमी. तुम्ही ५० × १०० ची दांडी घेतलीत तर वस्तू नुसती जाड होणार नाही, तिचे सगळे जोडही चुकतील, कारण बाकीची मापं ३८ आणि ८९ धरून काढलेली असतात. त्याच आराखड्यात ४/४ किंवा ८/४ असं दिसलं तर तो न रंधलेल्या फळीची जाडी पाव इंचांत मोजायचा प्रकार आहे: चार पाव म्हणजे एक इंच, आठ पाव म्हणजे दोन.

१४. घनमीटरचे घनफूट आणि बोर्डफूट कसे करायचे?

एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. एक घनफूट म्हणजे १२ बोर्डफूट (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड असा तुकडा म्हणजे एक बोर्डफूट). क्षेत्रफळाला एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. लांबीसाठीचा ३.२८ हा आकडा क्षेत्रफळाला किंवा घनफळाला लावू नका.

आणि आधी तिन्ही मापं गोल करून मग गुणाकार करू नका. २४०० × २०० × ५० मिमीची फळी ०.०२४ घनमीटर होते, म्हणजे १०.१७ बोर्डफूट. तीच ‘आठ फूट, आठ इंच, दोन इंच’ धरली की १०.६७. लाकूड तेवढंच, पण हिशोबात जवळजवळ पाच टक्के वाढलं. प्रश्न ८ मधलीच चूक, फक्त इथे बेरजेऐवजी गुणाकारानं वाढलेली.

१५. स्क्रू आणि बोल्ट कसे जुळवायचे?

लाकडाचे स्क्रू जाडीला फारसे अडून बसत नाहीत. ८ नंबरचा स्क्रू ४.१७ मिमीचा असतो, त्याऐवजी ४ मिमीचा घ्या. ६ नंबरला ३.५, १० नंबरला ५. लांबीकडे मात्र नीट बघा. पाऊण इंचाच्या दोन फळ्यांना धरून आराखड्यात दीड इंची स्क्रू दिला असेल आणि तुमच्या फळ्या १८-१८ मिमीच्या असतील, तर ३६ मिमीच्या लाकडात ३८.१ मिमीचा स्क्रू जाणार. दोन मिमीचं टोक पलीकडून डोकावतं आणि हात फिरवल्यावर कळतं. तिथे सव्वा इंच किंवा ३० मिमी बरा.

बोल्टला पर्याय नाही. पाव इंची बोल्टाचे आटे इंचाला २०, म्हणजे एक आटा १.२७ मिमीचा, आणि एम ६ चा आटा १ मिमीचा. नट सुरुवातीला लागल्यासारखा वाटतो आणि मग आटे मारतो. पान्यानं जोर काढू नका, जोडीचाच नट शोधा.

१६. कोन आणि उतार बदलायचे का?

नाही. अंश अंशच राहतात. डव्हटेल जोडाचा (पारव्याच्या शेपटीसारखा पसरत जाणारा जोड) १:६ किंवा १:८ उतार मिमीमध्ये जेवढा तेवढाच इंचात. काटकोन तपासायचा ३-४-५ चा हिशोबही तसाच, ६००-८००-१००० मिमी घ्या नाहीतर ३-४-५ फूट. करवतीवर लिहिलेले इंचाला अमुक दात हे मात्र लांबीशी बांधलेलं माप आहे: इंचाला १० दात म्हणजे दाताला दात २.५४ मिमीवर.

१७. हिशोब बरोबर आहे, पण दोन टेपा वेगवेगळं दाखवतात.

टेपेच्या टोकाचा हूक थोडा ढिला असतो, तो मुद्दाम. बाहेरून अडकवून मोजताना तो पुढे सरकतो, आतून टेकवून मोजताना मागे, आणि त्याच्या स्वतःच्या जाडीइतका फरक भरून काढतो. टेप पडून किंवा झपकन सोडून तो वाकला, त्याचे रिव्हेट घासले, की ही भरपाई चुकते. एका टेपेत चूक सगळीकडे सारखीच असल्यामुळे काम जुळतं. मिमीची एक आणि इंचाची दुसरी टेप वापरलीत की दोघींच्या चुका एकमेकींत मिसळतात. अचूक माप हवं असेल तर टोक सोडा आणि १०० मिमीच्या किंवा १० इंचांच्या रेघेपासून मोजा, मग तेवढे वजा करा. वजा करायला विसरू नका. एका कडेला मिमी आणि दुसऱ्या कडेला इंच असलेली टेप घेतलीत तर निम्मे घोटाळे टळतात, फक्त एका कामात एकाच कडेनं वाचा.

१८. माप बदलण्याची भानगडच टाळता येत नाही का?

बऱ्याच वेळा येते आणि टाळावीच. जे माप एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर न्यायचं आहे त्याला आकडा लागतच नाही. एक सरळ पट्टी घ्या, कपाटाच्या आत टेकवा, सुरीनं खूण करा, तीच पट्टी फळीवर ठेवून कापा. खाच किती रुंद हवी ते त्यात बसणाऱ्या फळीलाच विचारा. आकडा लागतो तो बाहेरच्या मापांना आणि साहित्य आणण्याच्या यादीला. तेवढे सुरुवातीला, चहूबाजूंनी शांत असताना, कागदावर बदलून घ्या. मशीन सुरू झाल्यावर डोक्यात बदलायला बसू नका.

१९. आराखड्यात मिमी आणि इंच दोन्ही छापलेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत. खरं कुठलं?

जो आकडा सुबक दिसतो तो मूळचा, दुसरा त्यावरून काढलेला. ‘३०० मिमी (११ १३/१६ इंच)’ असेल तर काढणारा मिमीमध्ये विचार करत होता. ‘३०५ मिमी (१२ इंच)’ असेल तर इंचात, कारण १२ इंच म्हणजे ३०४.८ आणि कुणी हौसेनं ३०५ चा कप्पा काढत नाही. पाच-सहा मापं अशी तपासली की मूळ एकक कळतं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच धरा आणि कंसातले आकडे पेन्सिलीनं खोडून टाका.

अडचण येते ती दोन्ही आकडे सुबक असले की, म्हणजे ‘३०० मिमी (१२ इंच)’. इथे बदल केलेलाच नाही, दोन वेगवेगळ्या वस्तूंची मापं शेजारी लिहिली आहेत: एक मिमीवाल्यांसाठी, एक इंचवाल्यांसाठी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण दोघांत ४.८ मिमी म्हणजे दीड सुताचा फरक आहे. बाजू एका रकान्यातून आणि फळ्या दुसऱ्या रकान्यातून उचलल्यात तर हाच दीड सूत जोडात येऊन उभा राहतो. कामाला लागण्यापूर्वी एक रकाना निवडा आणि दुसऱ्यावर कागद चिकटवा.